आब्लो, आब्लास, आब्ला

आज मी तुम्हांला एक पाढा म्हणून दाखवणार आहे. दोनाचा किंवा एकोणतिसाचा नव्हे. ‘बोलणे’ या क्रियापदाचा, आणि तोही स्पॅनिश भाषेतला. ऐका हं: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मी बोलते, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही बोलतो, तुम्ही बोलता, ते बोलतात. झाला वर्तमानकाळ! वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ओट्यापाशी उभी राहून, पोळ्या लाटता लाटता मी हा पाठ केला. लहानपणी ‘रामः रामौ रामाः’ असाच झाला होता, त्यामुळे जिभेला सवय होती. घरातल्या माणसांच्या कानांना मात्र नव्हती. आमच्या यजमानांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, ‘हे आब्लो-आब्लास अजून किती दिवस चालणार?’

याचं कारण सांगते. माझी मुलगी माद्रिदला नोकरीला गेली आणि तिनं तिथल्याच मुलाशी लग्न केलं. जावई इंग्रजी छान बोलतो, तेव्हा त्याच्याशी अडचण नव्हती. अडचण होती ती व्याही आणि विहीणबाईंची. ते राहणारे सालामांकाचे. त्यांना इंग्रजी येत नाही आणि मला स्पॅनिश येत नव्हतं. मध्ये दुभाषी म्हणून आमची लेक. आता दोन विहिणींचं बोलणं दुभाष्यामार्फत झालं तर त्यात काय राम राहणार? मी पाच मिनिटं जीव तोडून सांगायची आणि ही त्यांना तीन शब्दांत उरकायची. ‘अगं, बाकीचं कुठं गेलं?’ म्हटलं, तर म्हणायची, ‘आई, तेवढंच महत्त्वाचं होतं.’

२०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही सालामांकाला गेलो. जवळच्या विल्यामायोर गावच्या खाणीतल्या दगडानं सगळं जुनं गाव बांधलेलं आहे. खाणीतून काढताना तो दगड मऊ असतो. मग वाऱ्यापावसात कडक होतो आणि त्याला सोन्यासारखा रंग चढतो. संध्याकाळची तिरपी उन्हं पडली की गाव उजळून निघतं. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. व्याही मला रोज संध्याकाळी मोठ्या चौकात फिरायला नेत. मला काही कळत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते बोलत. एकेक शब्द सुटा करून, सावकाश, लहान मुलाला घास भरवावा तसे. एकदा विद्यापीठासमोर उभं राहून ते बराच वेळ काहीतरी अभिमानानं सांगत होते. मी आपली मान डोलावली. काय सांगत होते ते मला पुढं कळलं: १४९२ साली, कोलंबस जहाज घेऊन निघाला त्याच वर्षी, आन्तोनियो दे नेब्रिखा यानं लिहिलेलं कॅस्टिलियन भाषेचं, म्हणजे आजच्या स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण याच गावात निघालं. आपल्या दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं, म्हणजे साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे.

२०२१ च्या जूनमध्ये मी पुण्यात एका वर्गाला नाव घातलं. वर्ग तेव्हा संगणकावरच भरत असे. सोबतीला सगळी संगणक-कंपन्यांतली पंचविशीची मुलं. कुणाला मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाशी बोलायचं, कुणाला स्पेनमध्ये शिकायला जायचं. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. मी त्यांना मॅडम म्हणे आणि त्या मला काकू.

पहिल्या दिवशी मॅडमनी सांगितलं, क्रियापदाचं मूळ रूप ‘आब्लार’. ते लिहिताना आधी ‘एच’ येतो, पण तो मुका. शेवटचा ‘आर’ कापून टाकायचा, ‘आब्ल’ उरतो आणि त्याला माणसागणिक शेपट्या लावायच्या. मुलं जरा गांगरली. मला मात्र हे घरचंच वाटलं. आपण तरी काय करतो? ‘बोलणे’मधला ‘णे’ काढतो आणि बोलतो, बोलतोस, बोलतात अशा शेपट्या लावतो. इंग्रजीनं बहुतेक शेपट्या झडवून टाकल्या आहेत, त्यामुळे तिथं प्रत्येक वाक्यात ‘मी’, ‘तू’ सांगावं लागतं. आपलं तसं नाही. दारावरची बेल वाजली की आपण आतून ‘आलेऽ’ एवढंच ओरडतो. त्यात ‘मी’ आला आणि मी बाई आहे हेही आलं. वर्गातला एक मुलगा प्रत्येक वाक्य ‘यो’, म्हणजे ‘मी’नं सुरू करायचा. यो आब्लो, यो एस्तुदियो, यो त्राबाखो. मॅडम म्हणाल्या, ‘अरे, शेपटीतला तो ‘ओ’ म्हणजेच तू. वर आणखी ‘यो’ लावलास तर बाकीचे बोलत नाहीत, मीच तेवढा बोलतो, असा तोरा होतो.’

एका बाबतीत मात्र त्यांचं आपल्याहून सोपं. पुरुष असो वा बाई, ‘आब्लो’ ते ‘आब्लो’च. बोलतो-बोलतेची भानगड नाही. पण दुसरीकडे पंचाईत. ‘आब्लामोस’ म्हणजे आम्ही बोलतो की आपण बोलतो, हे कळायला मार्ग नाही! आम्ही आणि आपण यांत मराठीत केवढा फरक. एकात समोरच्याला दाराबाहेर ठेवायचं, दुसऱ्यात घरात घ्यायचं. विहीणबाई ‘आब्लामोस’ म्हणाल्या की त्यात मी आहे की नाही, हे मला त्यांच्या आवाजावरून ओळखावं लागे.

मान देण्याचीही एक गंमत. एकेरी ‘तू’ला ते ‘तू’च म्हणतात, उच्चारसुद्धा तोच. आदरार्थी शब्द ‘उस्तेद’. तो आला ‘वुएस्त्रा मेर्सेद’वरून, म्हणजे ‘आपली कृपा’. समोर माणूस उभा असताना त्याच्या कृपेशी बोलायचं, म्हणून क्रियापद तृतीयपुरुषी: ‘उस्तेद आब्ला’. हेही आपल्याला परकं नाही. ‘साहेबांनी बसावं’, ‘सरकार काय म्हणतात?’ हे समोरच्याच माणसाला उद्देशून आपल्याकडे म्हणत असतच की. आता, स्पेनमध्ये नात्यागोत्यांत सर्रास एकेरी चालतं. विहीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘तू’ म्हणायचं. पण विहिणीला अगंतुगं करायला माझी जीभ उचलेना. लेक म्हणाली, ‘आई, तू उस्तेद म्हणालीस की त्यांना वाटतं, तू रागावली आहेस.’ आली का पंचाईत! शेवटी फोनवर आधी डोळे मिटायचे आणि मग ‘तू’ म्हणायचं, असं मी सुरू केलं.

वर्तमानकाळावर माझे सहा महिने निघाले. भूतकाळाला नुकता हात लागला होता, तेवढ्यात २०२२ च्या जानेवारीत व्याही गेले. आजारी होते, पण इतक्यात काही होईल असं वाटलं नव्हतं. त्या दिवसांत उठून तिकडं जाणं आम्हांला शक्य नव्हतं. चार दिवसांनी मी फोन केला. लेक म्हणाली, ‘मी आहे मध्ये, तू मराठीत बोल.’ मी म्हटलं, ‘नको. आज मी स्वतः बोलणार.’ कागदावर वाक्यं लिहून ठेवली होती. वाईट वाटलं, हे सांगून झालं. मग मला सांगायचं होतं की ते माझ्याशी किती सावकाश बोलत. चौकातल्या त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांपुढं होत्या. मी म्हटलं, ‘आब्ला देस्पासियो कोनमिगो.’ तिकडं एकदम शांत झालं. मला वाटलं, फोन तुटला. मग विहीणबाईंचा आवाज आला, अगदी हळू: ‘आब्लाबा.’ आणि पुन्हा एकदा, जणू स्वतःलाच सांगताहेत अशा: ‘सी... आब्लाबा.’

मी म्हणाले होते, ‘ते माझ्याशी सावकाश बोलतात.’ त्यांनी ते दुरुस्त केलं: ‘बोलायचे.’ चार दिवसांपूर्वी जिचा नवरा गेला, त्या बाईला मी तिच्याच तोंडून काळ बदलायला लावला. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. लेक म्हणत होती की त्यांना काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. तरीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन करून म्हटलं, ‘वर्गात येईल तेव्हा येईल, मला हा ‘बा’ आत्ता शिकवा.’ तेव्हा कळलं की स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन आहेत. एक, घडून संपलेल्या गोष्टीचा: आब्लेऽ, आब्लास्ते, आब्लोऽ, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. मी बोलले, तू बोललीस, तो बोलला. दुसरा, चालत राहिलेल्या गोष्टीचा: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. मी बोलत असे, बोलायची, बोलत होते. यातला ‘बा’ तोंडात मऊ होतो, ‘बा’ आणि ‘वा’ यांच्या मधला. यात ‘मी’ आणि ‘तो’ यांचं रूप एकच, तेव्हा इथं कधीकधी सर्वनाम लावावंच लागतं.

वर्गात पुढं हा धडा आला तेव्हा मुलांची त्रेधा उडाली. ती सगळी इंग्रजीतून विचार करणारी, आणि इंग्रजीत ‘बोलला’ आणि ‘बोलायचा’ या दोन्हींना पुष्कळदा एकच रूप चालून जातं. मी म्हटलं, ‘अरे, मराठीत विचार करा ना! शाळेत रीतिभूतकाळ शिकलात की नाही?’ आजी पहाटे उठे, सडा घाली, तुळशीला पाणी घाली. हा झाला ‘बा’वाला काळ. त्या दिवशी आजी उठलीच नाही. हा दुसरा. गोष्ट सांगताना स्पॅनिश माणूस अगदी असंच करतो. ऊन पडलेलं होतं, मुलं खेळत होती, आजोबा पेपर वाचत होते, हे सगळं पहिल्या रंगात. आणि तेवढ्यात फोन वाजला, हे दुसऱ्या रंगात. मुलांना एकदम उमगलं. त्या दिवशी मॅडमनी मला ‘काकू’ऐवजी ‘प्रोफेसोरा’ म्हटलं, तेवढं सांगायला हरकत नाही.

आणखी एक. या ‘बोलायचे’च्या काळात नियम मोडणारी क्रियापदं साऱ्या भाषेत फक्त तीन आहेत: असणे, जाणे आणि पाहणे. एरा, इबा, वेइआ. एरवी स्पॅनिशमध्ये अनियमित क्रियापदं भरपूर, आणि नेमकी रोजच्या वापरातली. त्याचंही नवल वाटायला नको. आपण ‘बोल’चं ‘बोलला’ करतो, पण ‘जा’चं ‘जाला’ करत नाही, ‘गेला’ करतो. ‘कर’चं ‘केला’, ‘ये’चं ‘आला’. जी रूपं दिवसातून शंभरदा तोंडात येतात, ती वेडीवाकडी असली तरी टिकतात, कारण ती विसरायला सवडच मिळत नाही. क्वचित लागणारी क्रियापदं मुकाट्यानं नियमात येतात. म्हणून तर नव्यानं भाषेत आलेली क्रियापदं बहुतेक ‘आब्लार’च्याच चालीवर चालतात. संगणकावर गप्पा मारणं, त्याला ते ‘चातेआर’ म्हणतात. एकदा हा पाढा आला की तेही आलं.

या पाढ्यात जोर कुठं द्यायचा याला फार महत्त्व आहे, आणि ते मी रेडिओवर सांगते आहे हे बरं. ‘आब्लो’मध्ये ‘आ’वर जोर दिला तर ‘मी बोलते’. शेवटी जोर दिला, ‘आब्लोऽ’, तर ‘तो बोलला’. (छापताना शेवटचा जोर अवग्रहानं दाखवला आहे.) २०२३ साली नातू दोन वर्षांचा झाला, तेव्हा लेक त्याला घेऊन पुण्याला आली होती. एका सकाळी तो माझा पदर ओढून म्हणाला, ‘आजी, पाणी दे.’ त्याचं पहिलं मराठी वाक्य! मी तेव्हाच्या तेव्हा सालामांकाला फोन लावला. तिकडं पहाट होती, हे आनंदात लक्षातच आलं नाही. ओरडून सांगितलं, ‘आब्लो मराठी! आब्लो मराठी!’ विहीणबाई झोपेतून उठलेल्या. क्षणभर थांबून त्या काळजीनं म्हणाल्या, ‘हो, हो, तू मराठी बोलतेस. माहीत आहे मला. तुझी तब्येत बरी आहे ना?’

नुकत्याच झालेल्या गोष्टीसाठी आणखी एक काळ आहे, ‘ए आब्लादो’. आपलं ‘बोलले आहे’, ‘बोललेय’. स्पेनमध्ये आज घडलेलं बहुधा या काळात सांगतात आणि काल घडलेलं ‘आब्लेऽ’नं. मेक्सिकोत आजचंही पुष्कळदा ‘आब्लेऽ’नंच. वर्गातल्या मेक्सिकोवाल्या मुलाची यावरून पुस्तकाशी भांडणं होत. वीस देशांत कारभाराला चालणारी भाषा ती. तिच्यात एवढं तेवढं व्हायचंच.

आता भविष्यकाळ. आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लाराऽन. इथं ‘आर’ कापायचा नाही, अख्ख्या ‘आब्लार’लाच शेपटी लावायची. असं का, हे मला वर्गात नाही कळलं, गच्चीवर कळलं. आमच्या सोसायटीत एक गोव्याचे आजोबा राहतात. १९६१ च्या आधी, पोर्तुगीज अमदानीत पणजीला शिकलेले. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना पाढा म्हणत होते, तर पलीकडून आवाज आला: ‘फालु, फालश, फाला, फालामुश...’ मी चकित. म्हणाले, ‘तुमचं आब्लार ते आमचं फालार. दोन्ही लॅटिन ‘फाबुलारी’ची लेकरं. फाबुला म्हणजे गोष्ट.’ पोर्तुगीजनं ‘फ’ सांभाळला. स्पॅनिशमध्ये ‘फाब्लार’चा ‘हाब्लार’ झाला आणि पुढं तो ‘ह’ही गेला, नुसता लिहिण्यात राहिला. म्हणजे ‘बोलणे’ मुळात ‘गोष्टी सांगणे’ होतं. विहिणी-विहिणींना याहून चांगलं क्रियापद कुठलं मिळणार!

आजोबांनीच भविष्यकाळाचं कोडं सोडवलं. ‘आब्लारेऽ’ म्हणजे ‘आब्लार’ अधिक ‘ए’. हा ‘ए’ तोच, जो ‘ए आब्लादो’मध्ये पुढं उभा असतो, मूळ अर्थ ‘माझ्यापाशी आहे’. माझ्यापाशी बोलायचं आहे, मला बोलायचं आहे, म्हणून मी बोलेन. जुन्या स्पॅनिशमध्ये हे दोन तुकडे सुटेही होते, मध्ये ‘तुला’, ‘त्याला’ असे शब्द घालता येत. पोर्तुगीजमध्ये भारदस्त लिहिताना ते अजून घालतात: ‘फालार-ते-एइ’, तुझ्याशी बोलेन. एकच सहायक क्रियापद. पुढं ठेवलं की होऊन गेलेलं, मागं चिकटवलं की व्हायचं असलेलं. मला हे इतकं आवडलं की भात करपला.

‘आब्लारिया’ म्हणून एक आहे, ‘बोलेनही, पण...’ असं म्हणायला. आणि ‘आब्ले’ म्हणून एक आहे, आपल्या ‘बोलावं’च्या जवळचा. तू बोलावंस असं मला वाटतं, यातलं ‘बोलावंस’. पण त्याच्यावर माझा अजून हात बसलेला नाही, तेव्हा त्याबद्दल जास्त बोलत नाही.

दर रविवारी रात्री आम्हां विहिणींचा फोन असतो. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार, म्हणून वर्षातून दोनदा वेळ बदलून घ्यावी लागते. व्याह्यांचा विषय निघाला की आम्ही दोघी आता ‘बा’मध्ये बोलतो. चौकात फिरायचे, संत्री सोलून द्यायचे, गुडघा दुखतो म्हणायचे. मध्येच एखादं ‘त्या दिवशी म्हणाले’ येतं, तेव्हा काळ बदलतो आणि विहीणबाईंचा आवाजही.

गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, ‘नातवाला मराठी येतं आणि मला नाही, हे बरोबर नाही. मला तुमच्या बोलण्याचा पाढा सांग.’ मी सुरुवात केली. मी बोलतो. ‘तो?’ ‘पुरुष असेल तर. बाई असेल तर बोलते.’ त्यांनी लिहून घेतलं. आम्ही बोलतो. ‘पुन्हा तो? पण मी बाई आहे.’ ‘आम्ही म्हटलं की बायकांनाही बोलतोच.’ जरा वेळ नुसता पेन्सिलीचा आवाज. मग विचारलं, ‘आणि भूतकाळ?’ मी म्हटलं, ‘मी बोलले. पण पत्र असेल तर मी वाचलं, चिठ्ठी असेल तर वाचली, कागद असेल तर वाचला.’ ‘वाचणारी तूच ना?’ ‘मीच.’ ‘मग कागदाचा काय संबंध?’

मी म्हटलं, हे पुढच्या रविवारी सांगते. त्या म्हणाल्या, ‘आब्लामोस’, आणि फोन ठेवला.